घरकुल निधीसाठी चालवलेले जुन्या वस्तूंचे दुकान बंद करताना : सांगलीतील संस्थांसाठी मार्गदर्शन

गरजू कुटुंबांच्या घरांसाठी पैसा उभा करण्याकरिता धर्मादाय संस्थेने जुन्या वस्तूंचे दुकान चालवावे, ही पद्धत आपल्याकडे तशी नवी आहे. कॅनडातील विनिपेग येथे १९९१ मध्ये, गरजूंसाठी घरे बांधणाऱ्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेचे ‘रीस्टोअर’ नावाचे पहिले दुकान सुरू झाले. लोकांनी दिलेले पलंग, कपाटे, दारे-खिडक्या आणि बांधकामातून उरलेले साहित्य विकायचे आणि खर्च वजा जाता राहणारी रक्कम घरांसाठी वापरायची, एवढेच त्याचे तत्त्व. सांगली-मिरजेसारख्या शहरात असे दुकान चालवणाऱ्या संस्थेवर ते बंद करण्याची वेळ अनेक कारणांनी येऊ शकते. जागेचे भाडे वाढते, टेम्पोवर माल चढवणारी माणसे मिळेनाशी होतात, चांगल्या वस्तू लोक मोबाइलवरूनच परस्पर विकतात आणि संस्थेकडे मात्र मोडके तेवढे येते. संस्था पुढे चालू राहणार आहे आणि फक्त दुकान बंद होणार आहे, असे गृहीत धरून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. संस्थाच विसर्जित करायची असल्यास तो वेगळा आणि बराच लांबचा मार्ग आहे.

आधी घरकुलांची यादी

बंद करण्याचा विचार पक्का होताच बहुतेक विश्वस्त मालाची मोजदाद करायला बसतात. माझ्या मते ते नंतरचे काम आहे. दुकानाच्या उत्पन्नावर विसंबून कोणकोणत्या कुटुंबांना शब्द दिला गेला आहे, याची यादी आधी करावी, कारण बंद करण्याची तारीख, सवलतीचे प्रमाण आणि शेवटच्या शिलकेचा विनियोग हे सर्व त्या यादीवरून ठरते.

या यादीत तीन प्रकारच्या रकमा वेगवेगळ्या दाखवाव्यात. पहिली, कुटुंबाला कायमची दिलेली किंवा देऊ केलेली मदत. दुसरी, सरकारी घरकुल योजनेचा हप्ता येईपर्यंत वापरण्यासाठी दिलेली उसनवार रक्कम. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये मिळतात, परंतु ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार, पाहणी झाल्यावर खात्यात जमा होतात. जोत्यापर्यंत किंवा लिंटेलपर्यंत काम आणायचे तर खडी, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी आधी भागवावी लागते, आणि नेमकी तेथेच संस्थेची रक्कम कामी येते. ग्रामीण भागातील घरकुलासाठी सपाट प्रदेशात मिळणारे १ लाख २० हजार रुपयेही असेच टप्प्याटप्प्याने येतात. अशी उसनवारी दुकान बंद झाल्यावरही परत येत राहील, म्हणून ती कोणाच्या नावावर, किती आणि कोणत्या हप्त्यातून फिटणार, हे लिहून ठेवावे. तिसरा प्रकार म्हणजे तोंडी दिलेले शब्द. ‘स्लॅबच्या वेळी आम्ही बघू’ असे एखाद्या कार्यकर्त्याने शामरावनगरमधील किंवा सांगलवाडीतील कुटुंबाला सांगितलेले असते आणि त्याची कोठेही नोंद नसते. प्रत्येक कार्यकर्त्याला समोर बसवून अशी आश्वासने विचारून घ्यावीत, कारण त्या शब्दावर विसंबून कुटुंबाने जुने घर पाडलेले असू शकते.

यादी पूर्ण झाली की गणित सोपे होते. समजा, तीन घरांच्या स्लॅबसाठी प्रत्येकी ४० हजार आणि दोन घरांच्या दारे-खिडक्यांसाठी प्रत्येकी २५ हजार द्यायचे आहेत. एकूण दायित्व १ लाख ७० हजार रुपये झाले. दुकानातून खर्च वजा जाता महिन्याला ३५ हजार रुपये उरत असतील, तर हाती आधीची शिल्लक नसल्यास दुकान आणखी पाच महिने चालवावे लागेल, किंवा दुकान बंद करतानाच्या विक्रीतून तेवढी रक्कम निघेल याची खात्री करून घ्यावी लागेल. ही रक्कम ‘घरकुल पूर्तता निधी’ अशा स्वतंत्र शीर्षाखाली पहिल्याच दिवसापासून बाजूला काढत जावी. घरमालक, वीज आणि पगार यांची देणी आपल्या पायांनी दारात येतात. घराचे काम अडलेले कुटुंब संकोचाने येतही नाही, आणि म्हणून त्यांचा वाटा शेवटी उरेल त्यातून देण्याची सवय घातक ठरते.

तारीख कशी ठरवावी

सांगलीत या कामाला ऋतूंचे बंधन आहे. दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत घरोघरी जुन्या वस्तू निघतात, त्यामुळे वर्षातील सर्वांत जास्त आवक तेव्हाच होते. जून-जुलैमध्ये महाविद्यालये सुरू होताना विश्रामबागेतील वालचंद महाविद्यालयाच्या आणि मिरजेतील वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात खोल्या घेणारे विद्यार्थी कॉट, टेबल, खुर्ची आणि जुनी सायकल शोधत येतात, म्हणजे ही मागणी मोठी असते. केवळ विक्रीचा विचार केला तर जून सोयीचा वाटतो. परंतु त्याच सुमारास पाऊस लागतो, आणि सखल भागात गोदाम असलेल्या संस्थेने पावसाळ्यात साठा धरून बसणे धोक्याचे आहे. कृष्णेची इशारा पातळी आयर्विन पुलाजवळ ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही पुढे गेले होते आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. भिजलेली गादी आणि फुगलेले प्लायवूडचे कपाट भंगारवालासुद्धा उचलत नाही.

म्हणून दिवाळीची आवक घेऊन लगेच दान स्वीकारणे थांबवावे, जानेवारी ते मार्च या काळात विक्री संपवावी आणि ३१ मार्चला आर्थिक वर्षाबरोबर दुकानाचे हिशेब मिटवावेत, हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो. बांधकामाचा खरा हंगामही दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंतच असतो आणि पावसाआधी स्लॅब पडावा अशी प्रत्येकाची धडपड असते, त्यामुळे विक्रीचा पैसा आणि घरांची गरज एकाच वेळी येतात. विद्यार्थ्यांना लागणारे थोडे निवडक सामान राहिलेच, तर ते उंचावरच्या एखाद्या खोलीत ठेवून जूनमध्ये विकता येईल, पण त्यासाठी दुकानाचे भाडे भरत राहू नये.

ठराव आणि धर्मादाय कार्यालय

विश्वस्त मंडळाच्या सभेत ठराव करताना ‘दुकान बंद करण्यात यावे’ एवढे एक वाक्य पुरेसे नाही. बंद करण्याचे कारण, दान स्वीकारणे थांबवण्याची तारीख, विक्रीची अखेरची तारीख, माल निकालात काढण्याची पद्धत, घरकुल पूर्तता निधीची रक्कम आणि या सर्वांवर सही करण्याचा अधिकार असलेल्या दोन व्यक्ती, इतके इतिवृत्तात यावे. विश्वस्त आणि त्यांचे नातेवाईक यांनी दुकानातील वस्तू सवलतीत घेऊ नयेत, असेही त्यात स्पष्ट लिहावे. सागवानी दिवाण किंवा चांगले शिलाई मशीन पदाधिकाऱ्याच्या घरी गेले, मग ते पूर्ण पैसे देऊन घेतलेले असले तरी, गावात त्याची चर्चा वर्षभर पुरते. आणि हितसंबंधी व्यक्तीला लाभ दिल्याचे दिसल्यास संस्थेची प्राप्तिकर सवलत अडचणीत येऊ शकते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या दृष्टीने दोन गोष्टी तपासाव्यात. दुकानाचा पत्ता संस्थेचे कार्यालय म्हणून नोंदवलेला असेल, तर तो बदलल्यावर कलम २२ नुसार ९० दिवसांच्या आत बदल अर्ज सादर करावा लागतो. दुकानाची जागा संस्थेच्याच मालकीची असेल, तर प्रश्न अधिक गंभीर होतो. अशी स्थावर मिळकत विकण्यासाठी, किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी, कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक असते. परवानगीआधी इसार घेणे, ताबा देणे किंवा ‘नंतर कागद करू’ म्हणून भाडेकरू बसवणे, हे टाळावे.

रॅक, संगणक किंवा टेम्पो एखाद्या देणगीदाराच्या विशिष्ट अनुदानातून घेतला असल्यास अनुदानाच्या अटी वाचाव्यात, कारण ती वस्तू विकण्यापूर्वी त्यांची लेखी संमती लागत असू शकते. टेम्पो विकला तर नोंदणी नव्या मालकाच्या नावे होईपर्यंत पाठपुरावा करावा. ‘एम एच १०’ ची पाटी रस्त्यावर संस्थेच्याच नावाने फिरत असेल, तोवर अपघाताचे दायित्वही संस्थेकडे येऊ शकते.

दान घेणे थांबवणे

हे काम सांगायला सोपे आणि करायला सर्वांत अवघड आहे. दुकान बंद होणार असल्याचे जाहीर होताच लोक घाईने माळे रिकामे करून आणून देतात, आणि जेवढा माल विकला जातो त्यापेक्षा जास्त माल आत येतो. म्हणून आधी दान घेणे थांबवावे आणि बंद होण्याची जाहीर घोषणा त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी करावी. नियमित देणाऱ्यांना मात्र फोन करून आधी सांगावे, कारण वर्षानुवर्षे वस्तू देणाऱ्या घराला ही बातमी शटरवरच्या पाटीवरून कळणे शोभत नाही.

पाटीवर ‘दुकान बंद’ एवढेच लिहिले तर रात्रीतून शटरसमोर गाठोडी येऊन पडतात. ‘येथे वस्तू ठेवू नयेत, त्या स्वीकारल्या जाणार नाहीत’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि त्याखाली जुन्या कपड्यांसाठी, रद्दीसाठी आणि भंगारासाठी पर्याय सुचवावेत. शेजारच्या दुकानदाराशी बोलून ठेवावे. सकाळी शटर उघडताना पडलेले गाठोडे तोच आधी पाहतो. जागा सोडल्यानंतरही काही काळ हा त्रास चालतो, त्यामुळे नव्या भाडेकरूला संपर्क क्रमांक देऊन ठेवणे हे साध्या माणुसकीचे आहे.

या काळात वस्तू दिल्याबद्दल प्राप्तिकर सवलतीची पावती मागणारे काही जण येतात. जुन्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८० जी ची वजावट वस्तुरूप देणगीला मिळत आलेली नाही आणि रोख देणगीतही ती २,००० रुपयांपर्यंतच मर्यादित ठेवलेली आहे. त्यामुळे वस्तूंसाठी किंमत न लिहिता केवळ पोच द्यावी.

माल निकालात काढणे

मोजदाद करताना किंमत लिहिण्यापेक्षा वस्तूची वाट ठरवावी. पहिली वाट घरकुलांकडे जाते. गावभागातील जुने वाडे उतरवताना निघालेल्या सागवानी चौकटी, खिडक्यांची गज लावलेली तावदाने, लोखंडी ग्रिल, सिंक, न वापरलेल्या फरशा आणि पाण्याच्या टाक्या या वस्तू विक्रीला ठेवण्यापूर्वी यादीतील कुटुंबांना दाखवाव्यात. चौकटीचे माप गवंड्याने आधी घेतलेले असावे. दुकानात दीड हजाराला जाणारी चौकट कुटुंबाला नवी घ्यायची झाली तर तिप्पट-चौपट खर्च येतो, त्यामुळे ती विकून रक्कम देण्यापेक्षा चौकटच देणे फायद्याचे पडते. दिलेल्या वस्तूची नोंद आणि सही मात्र घ्यावी.

दुसरी वाट विक्रीची. सवलत एकदम निम्म्यावर आणू नये. पहिले काही आठवडे नेहमीच्या भावाने विकावे, नंतर चौथाई कमी करावे आणि निम्मा भाव अखेरच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा. फर्निचर आणि लोखंडी कपाटे आधी जातात; भांडी टिकतात आणि त्यांना मागणीही शेवटपर्यंत राहते, म्हणून त्यांच्यावर सवलतीची घाई नको. ‘आहे त्या स्थितीत, परत घेतली जाणार नाही’ असे प्रत्येक पावतीवर छापावे, परंतु विजेच्या वस्तूंबाबत केवळ त्या छापील ओळीवर विसंबून राहू नये. ज्या मिक्सरला किंवा इस्त्रीला धातूचे आवरण आहे किंवा ज्याची वायर विरली आहे, ती वस्तू वायरमनकडून तपासल्याशिवाय विकू नये. गॅसचे सिलिंडर, वापरलेली औषधे आणि तडा गेलेली हेल्मेटे विक्रीला ठेवूच नयेत.

विक्रीपूर्वी प्रत्येक कपाटाचा कप्पा, प्रत्येक कोटाचा खिसा आणि प्रत्येक बॅगेची चेन उघडून पाहावी. जुन्या कपाटातून बँकेची पासबुके, शाळा सोडल्याचे दाखले आणि सातबाराचे उतारे निघतात, आणि कधीकधी दागिनेही निघतात. देणाऱ्याचे नाव नोंदवहीत असेल तर वस्तू लेखी पोच घेऊन परत करावी. मोबाइल आणि संगणकातील माहिती पुसल्याशिवाय ते कोणालाही देऊ नयेत.

तिसरी वाट उरल्यासुरल्या मालाची. घालण्याजोगे कपडे वेगळे काढून जुन्या कपड्यांवर काम करणाऱ्या संस्थांकडे पाठवता येतात. १९९९ पासून काम करणारी ‘गूंज’ ही त्यांपैकी सर्वपरिचित. पाठवण्यापूर्वी त्यांना सध्या काय हवे आहे हे विचारावे, कारण धुतलेले आणि घडी केलेले कपडे ही मदत असते, तर न निवडलेले गाठोडे हे त्यांच्यावर टाकलेले काम असते. बोहारणींना विकण्याची पद्धतही वाईट नाही. त्या कपड्याचा पोत हाताने ओळखतात, भाव चोख करतात आणि माल खरोखर वापरात जातो. पुढच्या पुरासाठी म्हणून कपडे साठवून ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. आपत्तीच्या वेळी जुन्या कपड्यांचे ढीग आपोआप येतात. राखून ठेवायचेच असेल तर स्वच्छ पातेली, बादल्या आणि घोंगड्या-चादरी राखाव्यात.

लोखंड, ॲल्युमिनियम आणि लाकूड यांसाठी तीन भंगार व्यापाऱ्यांकडून बंद पाकिटात लेखी भाव मागवावेत आणि वजन संस्थेच्या माणसासमोर करून घ्यावे. नादुरुस्त टीव्ही, संगणक, यूपीएस यांसारखा माल मात्र या भंगारात मिसळू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे किंवा त्याच्या अधिकृत संकलकाकडेच द्यावा आणि त्याची पावती फाइलमध्ये लावावी.

काम करणारी माणसे

पगारी कर्मचाऱ्यांना बातमी सर्वांत आधी, विश्वस्तांच्या तोंडून आणि लेखी तारखेसह कळावी. धर्मादाय संस्थेला औद्योगिक संबंधांचा कायदा लागू होतो की नाही यावर वकील बराच वेळ बोलू शकतात. त्या वादात न पडता एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे, हेच प्रतिष्ठेचे आहे. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून, आस्थापना बंद झाल्यास कामगाराचे थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करणे तिच्यानुसार बंधनकारक आहे. ग्रॅच्युइटीचा विचार करताना दुकानातील तीन-चार माणसे मोजू नयेत. कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला लागू होतो आणि संस्थेचे कार्यालय, वसतिगृह व दुकान मिळून ती संख्या भरत असू शकते. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरायची राहिली तर कर्मचाऱ्याला पैसे काढताना अडचण येते, म्हणून ते काम त्याच आठवड्यात करावे. अनुभवाचा दाखलाही त्याच वेळी हाती द्यावा. मारुती रोड किंवा गणपती पेठेतील दुकानात काम मागायला जाताना तो कागद उपयोगी पडतो.

जागा, वीज आणि कर

भाड्याची जागा असेल तर करारातील नोटीसची मुदत पाहून घरमालकाला लेखी कळवावे, जागेची छायाचित्रे काढावीत आणि अनामत रक्कम परत मिळण्याची तारीख ताबापावतीवरच लिहून घ्यावी. वीजजोडणी संस्थेच्या नावे असल्यास महावितरणकडे ती कायमची बंद करण्याचा अर्ज करून सुरक्षा ठेव मागावी. मीटर तसाच सोडला तर पुढच्या भाडेकरूचे बिल संस्थेच्या नावे थकत जाते. महानगरपालिकेची पाणीपट्टी आणि जाहिरात फलकाची आकारणी भरून पावत्या घ्याव्यात. शॉप ॲक्टखाली (दुकाने व आस्थापना कायद्याखाली) नोंदणी किंवा सूचनापत्र दिलेले असेल, तर दुकान बंद झाल्यापासून ३० दिवसांच्या आत तसे कळवावे लागते. व्यवसाय कराची नोंदणी फक्त दुकानापुरती असेल तर तीही रद्द करावी.

वस्तू व सेवा कराबाबत अनेक संस्थांचा गैरसमज असतो. धर्मादाय कार्याला असलेली माफी सेवांसाठी आहे, वस्तूंच्या विक्रीसाठी नाही; म्हणून उलाढाल ४० लाखांच्या वर गेलेल्या संस्थेने नोंदणी घेतलेली असते. दुकानाखेरीज दुसरी करपात्र उलाढाल नसेल तर ३० दिवसांत नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करावा आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावे. शून्य रकमेचे म्हणून हे विवरणपत्र विसरले जाते आणि विलंब शुल्क वाढत राहते. या कराची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात.

प्राप्तिकरात दुकानाची वेगळी हिशेबवही ठेवणे ही संस्थेच्या सवलतीचीच अट आहे, त्यामुळे दुकानाचा शेवटचा ताळेबंदही स्वतंत्र काढावा. दुकान बंद करतानाच्या विक्रीची मोठी रक्कम मार्चमध्ये हाती येते आणि घरांवरचा खर्च एप्रिल-मेमध्ये होतो, हा खरा पेच आहे, कारण वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी त्याच वर्षी वापरली जाणे अपेक्षित असते. ती पुढे नेता येते, पण त्यासाठी कारण नमूद करून विहित नमुना मुदतीत भरावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू असल्याने जुन्या कायद्यातील कलमे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. गेल्या वर्षीचा नमुना तसाच उतरवून न काढता हा विषय फेब्रुवारीतच लेखापरीक्षकासमोर ठेवावा.

बँक खाते

अखेरच्या विक्रीच्या दिवशी संध्याकाळी गल्ल्याची मोजणी दोन सह्यांनी करावी आणि काउंटरवरचा क्यूआर कोड उतरवून फाडून टाकावा. भिंतीवर राहिलेल्या कोडवर कोणी पैसे पाठवत राहिले तर त्या रकमेचे स्पष्टीकरण देता देता पुरेवाट होते. दुकानाचे बँक खाते मात्र लगेच बंद करू नये. घरमालकाची अनामत, महावितरणची ठेव, ई-कचऱ्याची रक्कम आणि कुटुंबांकडून परत येणारी उसनवारी या सर्व त्याच खात्यात जमा होणार असतात. यादीतील शेवटच्या घराचा हप्ता आला, त्यातून उसनवारी फिटली आणि पूर्तता निधीतून द्यायचे काही उरले नाही, अशी नोंद इतिवृत्तात झाल्यावर शिल्लक रक्कम संस्थेच्या मुख्य खात्यात ‘घरकुल’ याच शीर्षाखाली वर्ग करावी आणि मग खाते बंद करण्याचा अर्ज द्यावा.